सांदणची वादी

आठवीच्या उर्दूच्या तासाला ‘वादी’ हा शब्द आला की मी मुलींना अर्थ विचारते. उत्तर ठरलेलं असतं: काश्मीर, हिरवळ, फुलं, बर्फ. सिनेमाची कृपा! मुळात अरबीत वादी म्हणजे पावसात वाहणारं आणि एरवी कोरडं पडणारं नदीचं पात्र. वाळवंटात माणसं त्या कोरड्या पात्रातूनच ये-जा करतात, आणि दूर डोंगरात पाऊस झाला की त्याच वाटेने लोंढा येतो.

दक्षिण स्पेनमधली मुस्लिम सत्ता १४९२ मध्ये ग्रॅनाडाबरोबर संपली, पण नद्यांनी जुनी नावं सोडली नाहीत. ग्वादालकिवीर म्हणजे ‘वादी अल-कबीर’, मोठी नदी. तिथल्या कोरड्या नाल्याला ‘रांब्ला’ म्हणतात, तो अरबी ‘रम्ला’वरून आला, रम्ला म्हणजे वाळू. ग्रॅनाडाजवळच्या पर्वतातलं सर्वांत उंच शिखर, सुमारे ३४७९ मीटरचं मुलासेन, हे तिथल्या सुलतान मौलाय हसनच्या नावाचं. आजही लोक तिकडे डोंगर आणि कोरडं पात्र असा मोठा फेरा मारून निघाल्या गावी परत येतात.

हे सगळं मी घरी जेवताना सांगत होते. थोरली कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “अम्मी, अशी वाट आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांदण दरीतून उतरायचं आणि करोली घाटाने वर यायचं. आमचा कॉलेजचा ग्रुप जानेवारीत जातोय.” म्हणजे बोलणं मी सुरू केलं आणि सापडलेही मीच.

सासूबाईंनी आधी साफ नकार दिला. एवढ्या लांब, त्यात रात्रीचा मुक्काम दरीत! शेवटी माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामू, सोबत जायला तयार झाला. तरी अम्मांनी अट घातली, “आणि तू पण जायचं. शेवटपर्यंत.” मी हो म्हटलं. मग महिनाभर आम्ही फजरनंतर धरमपेठेतून सेमिनरी हिल्सपर्यंत चालत होतो. नागपूरकरांना डोंगर म्हणून तेवढाच!

विदर्भ एक्सप्रेसने इगतपुरी गाठायची, सुमारे ७०० किलोमीटर. तिथून जीपने घोटी, भंडारदरा करत साम्रद. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं हे अगदी टोकाचं गाव. एका बाजूला रतनगड, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग, आणि १६४६ मीटरचं कळसूबाईही याच भागात. गाव सपाटीवर आहे. थोडं चाललं की जमीन एकदम फाटल्यासारखी दिसते आणि आपण त्या फटीत उतरतो.

दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या सरळसोट भिंती, दोनशे फुटांहून उंच. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असं वाटतं. आत ऊन जवळजवळ येतच नाही, म्हणून हिला सावल्यांची दरी म्हणतात. आमच्यासाठी याचा अर्थ इतकाच, की सावली बघून जोहरची वेळ कळणार नाही. घड्याळ हवं, आणि मोबाईलला रेंज नसल्याने किबल्यासाठी साधं होकायंत्रही.

पायाखाली वाट अशी नाहीच. पाण्याने आणून टाकलेल्या शिळा आहेत, काही माठाएवढ्या, काही जीपएवढ्या. हाताने धरत, बसत, घसरत उतरायचं. मध्ये पाण्याचे डोह लागतात. एकात पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं आणि जानेवारीचा गारठा हाडांत शिरला. पावसाळ्यात हीच घळ नदी असते, तेव्हा आत पाऊल टाकायचं नाही. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर हिवाळ्यातही नाही. आमचे वाटाडे दादा साम्रदचेच. सकाळी निघण्याआधी ते बराच वेळ नुसतं आभाळ बघत उभे होते.

भगिनी विचारतात म्हणून कपड्यांचं सांगते. गुडघ्यापर्यंतचा, बाजूला चिरा असलेला पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि ट्रॅकपँट यावर हार्नेस नीट बसतो. ओढणी मात्र नको. दोरावरून उतरताना तिचं टोक किंवा मोकळे केस लोखंडी कडीत अडकले तर जिवावर बेतू शकतं. हेल्मेटखाली बसेल असा टोपीसारखा स्कार्फ घालावा, पिना लावू नयेत. एक रिकामी बाटली ठेवावी. डोहात उतरून वुजू करण्यापेक्षा बाटलीत पाणी घेऊन बाजूला करावा, खालच्या माणसांना तेच पाणी लागतं.

दुपारी आम्ही कड्यावर पोहोचलो. इथे पात्र एकदम तुटतं. पहिला उतार साधारण ४५ फुटांचा, दोरावरूनच. पुढे आणखी लहान उतार आहेत. आमच्या आधी एका मोठ्या गटाची पन्नास-साठ माणसं एकाच दोरावर रांगेत होती, त्यामुळे दोन तास बसून राहिलो. असा उशीर झाला की शेवटची माणसं अंधारात उतरतात. पैसे भरण्याआधी विचारावं: माणसं किती, दोर किती, प्रत्येकाला हेल्मेट आहे का? आम्ही तेवढ्यात जोहर पढून घेतली. सफर असल्याने हनफी मसलकाप्रमाणे चारऐवजी दोन रकात.

तेव्हा दादा माझ्याजवळ येऊन म्हणाले, “ताई, मागं फिरायचं तर आत्ताच. एकदा दोरानं उतरलं की दरीतनं वर येता येत न्हाई. मग करोली घाटच.”

दोन डोहांपासून माझा उजवा गुडघा दुखत होता. मी कुणाला बोलले नव्हते. चालून गेले असते कदाचित. पण उद्या तीन-चार तासांची घाटाची चढण होती, आणि गुडघा तिथे बसला असता तर सगळ्या ग्रुपला मला उचलावं लागलं असतं. दुसरीकडे अम्मांना दिलेला शब्द. पाच मिनिटं मी काहीच बोलले नाही. मुलगी बघत होती. तिला वाटलं असणार की आता अम्मी तिलाही मागे नेणार. खरं सांगते, मनात तेच आलं होतं.

भावाला म्हटलं, “हिच्या पुढे तू उतर, खाली उभा राहा.” तो उतरला. मग ती. दोराला पाठ टेकवून, पाय भिंतीला लावून, एकदाही वर न बघता. ती खाली पोहोचेपर्यंत मी आयतुल कुर्सी पढत होते. किती वेळा झाली, माहीत नाही.

दादांचा मुलगा मला परत घेऊन आला. वर चढताना तोच डोह पुन्हा लागला. रात्री त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी खाल्ली. घरच्या काकूंनी न विचारता गुडघ्याला गरम तेल लावून दिलं. झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी करोली घाटाच्या माथ्यावर बसले होते. खाली दरी रुंद होत ठाण्याच्या बाजूला जाते. पात्राने तसंच पुढे गेलं तर शहापूर तालुक्यात डेहणे गाव येतं. घाट चढला तर फेरा साम्रदला पुरा होतो. अकराच्या सुमारास झाडीत बोलणं ऐकू आलं. मग निळं हेल्मेट. चेहरा धुळीने काळा, तळहात सोललेले, आणि पहिला प्रश्न, “दादीला सांगितलंस?”

सांगितलं नव्हतं. साम्रदहून फोन लागत नव्हता, हे निम्मं कारण.

इगतपुरी स्टेशनवर मी अम्मांना फोन लावला आणि सगळं सांगितलं: कुठून फिरले, का फिरले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग अम्मांनी विचारलं, “पोरीची फजर झाली का?”

झाली होती. घाटाच्या पायथ्याशी, बाटलीतल्या थंड पाण्याने वुजू करून, मामूच्या मागे उभी राहून.