स्तुति आणि स्वरूप

ख्रिस्ती स्तोत्रांत ईश्वराचें स्वरूप कसें वर्णिलेलें असतें, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिलें असेल. वॉल्टर चामर्स स्मिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाचें १८६७ सालचें एक इंग्रजी स्तोत्र घ्या. त्यांतला ईश्वर अविनाशी व अगोचर आहे. आणि त्याला डोळ्यांआड करतें तें त्याचें स्वतःचेंच तेज. ईशावास्योपनिषदांतील सुवर्णपात्रानें झांकलेलें सत्याचें मुख येथें सहज आठवतें. भेद इतकाच, कीं ऋषि तें आवरण दूर करण्याची याचना करतो. आणि हा कवि, आवरणहि तेजच आहे हें उमजावें, एवढेंच मागतो.

आपल्या नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) वाट निराळी. १८९५ सालीं ख्रिस्ती झाल्यावरहि संतांचा अभंग त्यांनीं सोडला नाहीं. ख्रिस्ताला त्यांनीं माउली म्हणून आळविलें. एक स्तुति अगम्यापुढें नम्र होते, दुसरी त्याच्याशीं नातें जोडते. निर्गुण-सगुणाचा हा वाद आपल्या घरांत जुनाच आहे. धर्मांतर ज्यांना रुचत नाहीं, त्यांनींहि टिळकांचीं पदें अवश्य वाचावीं, असें आम्ही आग्रहानें सांगतों. देव्हारा बदलला, तरी तुकोबांची भाषा तेथें ओळखूं येते.