गाडीची जन्मतारीख

गोव्यातील एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटा मोटर्सच्या डीलरकडे त्या वर्षीच्या मॉडेलची गाडी बुक केली, पूर्ण पैसे भरले आणि घरी आणली ती २००९ मध्ये बनलेली गाडी. तीही ६२२ किलोमीटर धावलेली, टायर झिजलेली, तळाला गंज धरलेली. तो जिल्हा ग्राहक मंचात गेला आणि जिंकला. राज्य आयोगात जिंकला, राष्ट्रीय आयोगातही जिंकला. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की यात कंपनीला धरता येणार नाही. कंपनी आणि डीलर यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे आणि डीलरने केलेल्या लबाडीची कंपनीला कल्पना होती हे सिद्ध झालेले नाही. तेव्हा भरपाई द्यायची ती डीलरने. गाडी घेतल्यापासून हे ऐकायला दहा वर्षे लागली.

कायद्याच्या अंगाने या निकालाला नावे ठेवता येणार नाहीत. पण डीलर हा कंपनीपासून वेगळा, स्वतंत्र व्यापारी आहे, हे शोरूममध्ये उभे राहून कुणाला पटेल? दारावरची पाटी कंपनीची. भिंतीचा रंग, सोफ्याची जागा, सेल्समनचा पोशाख कंपनी ठरवणार. दिवाळीची सवलत कंपनी जाहीर करणार आणि वॉरंटीच्या पुस्तिकेवर नावही तिचेच. ग्राहक फसला की मात्र या दोघांची ओळख फक्त करारापुरती उरते.

अंधेरी-मालाडचा लिंक रोड, पश्चिम द्रुतगती महामार्ग, पूर्वेला घाटकोपर ते मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग ही उपनगरांतली गाड्यांची पेठ. काचेमागे चार-पाच गाड्या चमकत असतात, पण विकली जाणारी गाडी तिथे नसतेच. ती शहराबाहेरच्या यार्डात, उघड्यावर, रांगेत उभी असते. मुंबईतला जागेचा भाव पाहता दुसरे होणार तरी काय! ग्राहक पाहतो एक गाडी, चालवून बघतो दुसरी आणि विकत घेतो तिसरीच. ती तिसरी यार्डात किती महिने ऊन-पाऊस खात होती, ट्रेलरवरून उतरवताना तिचा दरवाजा कुठे घासला, पावसाळ्यात तिच्या भोवती पाणी कुठवर चढले होते, हे सेल्समनला ठाऊक नसते किंवा ठाऊक असून सांगायचे नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना यातला शेवटचा प्रश्न समजावून सांगायला नको.

खरी गोम आहे ती नोंदणीच्या क्रमात. नोंदणी झाल्याशिवाय, निदान तात्पुरती तरी, डीलरने गाडी ताब्यात देऊ नये असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या राज्यात घेतलेल्या नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्जही डीलरच करतो. आरटीओत खेटे घालायला नकोत, ही सोय मोठीच. पण तिचा परिणाम असा की ग्राहक आपली गाडी नीट पाहतो, तोवर ती त्याच्या नावावर झालेली असते. कर्जाची रक्कम डीलरच्या खात्यात पोहोचलेली, विमा उतरवलेला, राज्याचा एकरकमी वाहनकर भरलेला, अंधेरीचा एमएच ०२, वडाळ्याचा एमएच ०३ किंवा बोरिवलीचा एमएच ४७ असा क्रमांक पडलेला.

मग येतो डिलिव्हरीचा दिवस. गाडीवर लाल कापड, दाराशी पेढ्यांचा बॉक्स, मोठ्या किल्लीची पुठ्ठ्याची प्रतिकृती घेऊन फोटो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढताना एखाद्या चौकस मुलीच्या लक्षात येते की बंपरचा पांढरा आणि दरवाजाचा पांढरा एक नाही. पण आजी नारळ हातात घेऊन उभी असते आणि मुहूर्त टळत असतो. अशा वेळी ‘ही गाडी नको’ म्हणायला वाघाचे काळीज लागते. कुणी म्हटलेच, तर ‘साहेब, रजिस्ट्रेशन झालंय, आता चेंज होणार नाही, टच-अप करून देतो’ हे उत्तर तयार असते. त्यात तथ्यही असते. ती गाडी डीलरने परत घेतली, तर दुसऱ्या ग्राहकाच्या लेखी ती सेकंडहँड. म्हणून डीलर ती परत घेत नाही.

माहिती कुठेच नसते असेही नाही. चॅसिस नंबरच्या सतरा अक्षर-अंकांत बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्षाची खूण ठेवतात. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. गाडी मार्चमध्ये बनलेली आणि चारांपैकी एकाच टायरवर जुलैचा आठवडा असेल, तर तो का बदलावा लागला हे विचारायला हवे. सीटबेल्टवर शिवलेल्या छोट्या पट्टीवरही बहुधा तारीख सापडते. आणि विक्रीचा दाखला म्हणून डीलर जो फॉर्म २१ देतो, त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष यांचा रकानाच आहे. म्हणजे ही तारीख कंपनीला ठाऊक, डीलरला ठाऊक, आरटीओला ठाऊक. ज्याने पैसे मोजले त्याला ती कळते सर्वांत शेवटी, बहुधा आरसी हाती आल्यावर. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावरची तारीख घेण्याआधी वाचता येते. बारा लाखांच्या गाडीला तेवढीही सक्ती नाही.

गाडी शून्य किलोमीटरची आहे ना, मग चार-सहा महिने उभी होती तर बिघडले काय, असा डीलरांचा सवाल असतो. बिघडते ते असे: बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, रबर कडक होते आणि पुढे गाडी विकायला काढली की भाव आरसीवरच्या उत्पादन-वर्षावरून ठरतो. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेणाऱ्याचे महिनाभरात एक वर्ष खर्ची पडते. हे सांगून, सवलत देऊन विकले तर त्यात काहीच गैर नाही. पंचवीस-तीस हजार वाचतात म्हणून अशी गाडी खुशीने घेणारे पुष्कळ आहेत. डेमोसाठी फिरवलेल्या गाडीचेही तेच. प्रश्न न सांगता विकण्याचा आहे.

यात डीलरची एकट्याची हाव आहे असे म्हणून सुटका होणार नाही. ‘फाडा’ या डीलरांच्याच देशव्यापी महासंघाने सप्टेंबर २०२४ ची आकडेवारी देताना सांगितले होते की डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा साठा पडून आहे. म्हणजे ७ लाख ९० हजार गाड्या, किंमत ७९ हजार कोटी रुपये. याच महासंघाच्या मते साठा असावा २१ दिवसांचा. कारखान्यातून गाडी डीलरकडे रवाना झाली की कंपनीच्या खात्यात ती विक्री म्हणून मोजली जाते, शेअर बाजाराला दाखवायचा मासिक आकडा फुगतो आणि गाडी यार्डात उभी राहते. तिच्यावरचे बँकेचे व्याज मात्र डीलरच्या डोक्यावर चढत असते. अशा डीलरने नऊ महिन्यांची गाडी ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून खपवली तर ते पाप त्याचे आहेच. पण त्या पापाची तजवीज कोणी केली? फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हेच डीलर आपल्याला कायद्याचे संरक्षण हवे म्हणून सरकारकडे गेले होते. करार एकतर्फी आहेत ही त्यांची तक्रार रास्त आहे. त्या एकतर्फी कराराच्या आडोशाला कंपनी ग्राहकापासूनही लपते, हे त्यांनीच जोराने सांगायला हवे.

अमेरिकेतल्या एका खटल्याची इथे आठवण होते. अलाबामातल्या एका डॉक्टरने १९९० मध्ये नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी पॉलिश करणाऱ्याच्या लक्षात आले की ती आधीच पुन्हा रंगवलेली आहे. चौकशीत कंपनीचे लेखी धोरणच बाहेर आले: दुरुस्तीचा खर्च किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत असेल तर गाडी नवी म्हणून विकायची आणि डीलरलाही सांगायचे नाही. ज्युरीने चार हजार डॉलरची भरपाई आणि वर ४० लाख डॉलरचा दंड ठोठावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्मा केला, आणि १९९६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला. वकिलांच्या जगात हा खटला दंडाच्या मर्यादेसाठी गाजतो. ग्राहकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ज्युरीच्या निकालानंतर कंपनीने देशभर धोरण बदलले आणि किरकोळातली किरकोळ दुरुस्तीही सांगायचे ठरवले. आपल्याकडे तीन टक्के सोडाच, किती दुरुस्तीपर्यंत गाडी ‘नवी’ राहते याची रेघ कोणी ओढलेलीच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला तर ग्राहकाला धीर येतो. वापरलेला, दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून खपवणे ही अनुचित व्यापारी प्रथा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नव्या गाडीच्या नावाखाली वापरलेली सदोष गाडी देणे हा अप्रामाणिकपणा आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात बजावले. याच कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे नवे प्रकरण आले, तेव्हा कंपन्या आता सुटणार नाहीत असा गाजावाजा झाला होता. पण ‘हानी’ची व्याख्या पाहा. सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर ती हानी. खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान व्याख्येतून वगळले आहे, निव्वळ आर्थिक तोटाही वगळला आहे. जुनी गाडी नवी म्हणून गळ्यात पडलेल्या ग्राहकाला त्या प्रकरणाचा काडीचा उपयोग नाही. तो पुन्हा २०२१ च्या निकालापाशी येऊन थांबतो. डीलरने उद्या शटर ओढून घेतले, तर हातात उरतो तो फक्त हुकूमनामा.

मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या रहिवाशांना तिथे दाद मागता येते. मुलुंडच्या माणसाने नाक्यापलीकडे ठाण्यात गाडी घेतली असली तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. ५० लाखांपर्यंतच्या गाडीची तक्रार जिल्हा आयोगात चालते आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क आहे अवघे ४०० रुपये. निकाल तीन महिन्यांत, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा सांगतो. कायद्यातली ही मुदत आणि आयोगातल्या तारखा यांची गाठ क्वचितच पडते, हे वेगळे सांगायला नको.

इंजिनातला दोष सिद्ध करायचा तर तज्ज्ञ हवा, अहवाल हवा, त्यावर उलटतपासणी हवी. वय लपवल्याच्या तक्रारीला यातले काही लागत नाही. कंपनीने ती गाडी कोणत्या तारखेला डीलरच्या नावे काढली ते बिल, डीलरच्या यार्डातली आवक नोंद आणि दुरुस्ती झाली असेल तर तिचे जॉबकार्ड, एवढे तीन कागद पुरेत. कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. ते पहिल्याच तारखेला वापरले आणि कागद न आणणाऱ्याच्या विरोधात निष्कर्ष काढला, तर अशी प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळण्याचे कारण नाही.

मुळात हा प्रश्न आयोगापर्यंत जाऊच नये, याची सोय राज्य सरकारच्या हातात आहे. ट्रेड सर्टिफिकेट असल्याशिवाय डीलरला नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगता येत नाहीत. ते देणे, निलंबित करणे, रद्द करणे हे आरटीओचे काम. २०२५ मध्ये ओला इलेक्ट्रिकच्या ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या दुकानांवर महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने बडगा उगारला होता, म्हणजे मनात आणले तर तो उगारता येतो. मग एक पानाचा नमुना सक्तीचा करायला काय हरकत आहे? त्यात चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना, कारखान्यातून निघाल्याची तारीख, डेमोसाठी वापर झाला का आणि विक्रीआधी काही दुरुस्ती किंवा रंगकाम झाले का, एवढे लिहावे. गाडी पाहिल्याची ग्राहकाची तारखेसह सही त्यावर असावी आणि हे पान जोडल्याशिवाय नोंदणीचा अर्ज पुढे सरकू नये. खोटे लिहिणाऱ्याचे ट्रेड सर्टिफिकेट निलंबित करावे. कंपन्यांनीही चॅसिस नंबर टाकताच गाडीचा महिना दिसेल एवढी सोय आपल्या संकेतस्थळावर करावी. त्यांना हे एका दिवसाचे काम आहे. केंद्राने ‘हानी’ची व्याख्या दुरुस्त करावी, हे त्यापुढचे. त्याला वेळ लागेल.

परिवहन आयुक्तांनी हा नमुना सक्तीचा करणारे परिपत्रक येत्या दसऱ्याच्या खरेदीआधी काढावे. ते निघेपर्यंत ग्राहकाने एवढे करावे: बुकिंगची रक्कम देऊन थांबावे, आपल्याला दिलेल्या गाडीचा चॅसिस नंबर लेखी मागावा, सुट्टीच्या दिवशी यार्डात जाऊन दिवसाउजेडी ती गाडी पाहावी आणि त्यानंतरच उरलेल्या पैशांचा चेक फाडावा. यार्डात नेण्यास डीलर नकार देत असेल, तर बुकिंग रद्द करून दुसरा डीलर गाठावा.