गुरुजी घडवायचे की कागद विकायचे?

बारावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतून एक धावपळ सुरू होते. पोराला अथवा पोरीला डी. एड.ला घालावयाचे ठरते. (हल्ली या शिक्षणक्रमाचे नाव डी. एल. एड. असे झाले आहे.) मग बाप चार ठिकाणी चौकशी करतो ती अशी : "कुठे लवकर होऊन जाईल?" शिकवितात कुठे, असे विचारणारा बाप विरळा! या "होऊन जाईल"वरच आमच्या मुलखात अध्यापक विद्यालयांची पेठ भरली, आणि त्या पेठेत आमचा शेतकरी बांधव बैल विकून कागद घेऊन आला.

बैल घेताना आम्ही त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, औताला जुंपून चार तास घालून पाहतो. मग ज्या विद्यालयातून आमच्या नातवंडांचा गुरुजी बाहेर पडावयाचा, ते विद्यालय मात्र छापील पत्रक पाहून निवडावयाचे, हा कोठला शहाणपणा?

जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळांचे मास्तर कसे असावेत हे स्पष्ट सांगितले आहे. ते शिकून तयार झालेले असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराची मूठ धरण्याची त्यांना लाज नसावी आणि गोरगरिबांत त्यांनी मिसळावे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. खेड्यात शाळा उभ्या करावयाच्या तर खेड्यातलाच शिक्षक तयार झाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. बहुजनसमाजाने मागितले होते ते हे. आणि हाती काय आले?

शिक्षकाचे शिक्षण कसे चालले आहे हे तपासण्यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला, तो आमच्याच महाराष्ट्रातील डी. एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या तंट्यांतून. आयोगाचा अहवाल 2012 साली आला. त्याचाच आधार घेऊन 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लिहिले आहे की, देशातील दहा हजारांहून अधिक एकेकट्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था मनापासून शिकवीतच नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. ही टीका कोणा विरोधकाची नव्हे, खुद्द सरकारच्या धोरणाची आहे.

आता एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. पूर्वी दक्षिणा घेऊन पुण्य विकणाऱ्यावर आम्ही तुटून पडलो. आज हजेरी माफ करून प्रमाणपत्र विकणारे संस्थानिक पुष्कळ ठिकाणी आमच्याच जातभाईंतले आहेत. दिवाणखान्यात फुले-शाहूंच्या तसबिरी, आणि विद्यालयात रिकामी बाके! याला "नॉन-अटेंडिंग" असे गोंडस नाव आहे. वर्षाकाठी एकदा या, शुल्क भरा, पाठांच्या तयार वह्या विकत घ्या आणि परीक्षेला बसा. अशा माणसाला बहुजनांचा कैवारी म्हणावे, तर लुटारू कोणाला म्हणावे?

हा कागद पुढे पोट भरतो काय? तेही नाही. 2013 पासून राज्यात टीईटी आहे. तेथे वही विकत घेतलेला उमेदवार आपटतो. मग त्याला पुन्हा दलाल गाठतो. 2021 साली टीईटीचा घोटाळा उघडकीस आला आणि पुढल्या वर्षी साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या बापाने आधी कागदासाठी बैल विकला, त्यानेच पुढे गुणांसाठी रान गहाण टाकले. ता. 1 सप्टेंबर 2025 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, नोकरीची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटीची अट घातली. शिवाय भरतीची अभियोग्यता चाचणी 2017 नंतर झाली ती थेट 2023 साली! नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक, आणि त्याचे मानधन 2023 मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. म्हणून "हमखास नोकरी" असे जो संस्थाचालक सांगतो, त्याच्या ओट्यावरूनच परत फिरावे.

तर मग विद्यालय निवडावे कसे? पहिली गोष्ट, जिल्ह्याच्या 'डाएट'कडे चौकशी करा. सरकारी अध्यापक विद्यालयात जागा मिळत असेल, तर खासगी चकचकाटाकडे पाहू नका. दुसरी गोष्ट, कामाच्या दिवशी न सांगता जा. एन. सी. टी. ई.च्या 2014 च्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान दोनशे दिवस काम आणि अभ्यासाला ऐंशी टक्के हजेरी लागते. शाळेतील आंतरवासितेला तर नव्वद टक्के! वर्ग रिकामा दिसला, तर नियम कोठे गेले हे प्राचार्यांना उभ्याउभ्या विचारा. तिसरी गोष्ट, सरावाच्या पाठांची शाळा कोणती आहे ते पाहा आणि तेथील गुरुजींनाच विचारा : छात्राध्यापक येतात काय, की त्यांच्या सह्याच तेवढ्या येतात? चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता कशा सांभाळाव्या, घरी भिली, पारधी अथवा गोरमाटी बोलणाऱ्या पहिलीच्या पोराला प्रमाण मराठी अक्षरापर्यंत कसे न्यावे, हे तेथे शिकवितात काय? आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज जे करतो ते हेच होय. जे विद्यालय हे शिकवीत नाही, त्याची इमारत संगमरवरी असली तरी आमच्या काय कामाची?

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोराला मजुरी करून शिकावे लागते, त्याला हजेरी कशी परवडावी? त्याच्यासाठी वसतिगृह मागा, शिष्यवृत्ती वेळेवर मागा, त्यासाठी मोर्चा काढा. परंतु गरिबाला सवलत म्हणून अडाणीपण देऊ नका. तो न शिकता गुरुजी झाला, तर त्याच्या हाताखाली बसणार कोण? श्रीमंताचे पोर नव्हे. ते केव्हाच शहरातल्या इंग्रजी शाळेत गेले. बसणार आमचेच पोर.

आणखी एक इशारा. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पहिली ते पाचवीसाठी बी. एड. चालणार नाही असा निकाल दिला, त्यामुळे या पदविकेचे मोल वाढले. परंतु 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्म पदवी हीच किमान पात्रता करावयाची, असे 2020 चे धोरण म्हणते. म्हणून प्रवेशापूर्वी विद्यालयाची मान्यता चालू आहे काय, आणि पुढे पदवी घेण्याची सोय आहे काय, हे लेखी पाहून घ्यावे. तोंडी शब्दावर दमडी देऊ नये.

बंधुभगिनींनो, वाईट विद्यालय सरकारने बंद करण्याची वाट पाहू नका. तुम्ही शुल्क भरणे थांबविले की ते आपोआप बंद पडेल. दुकान गिऱ्हाइकाने चालते.

— एक खेडवळ शिक्षक