संगीताचा सर्व्हर निवडण्याआधी

इमारत पुनर्विकासाला निघाली की उपनगरातल्या घरांचे माळे रिकामे होऊ लागतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही भागात ऑडिओचे काम करणाऱ्याला विचारावे. कॅसेटी, तबकड्या आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कधीकाळी आणलेल्या सीडी घेऊन येणारे कुटुंब त्याच्या चांगल्याच परिचयाचे असते. भाड्याच्या दोन खोल्यांत हे सारे मावणार नसते. मागणी ठरलेली: सगळे एका पेटीत टाका, मोबाइलवरून लागले पाहिजे, कोणती पेटी घ्यायची तेवढे सांगा.

पेटीचा प्रश्न खरे तर शेवटी यायला हवा. व्यावसायिकानेच तो आधी हाती घेतला तर काही वर्षांनी तेच काम पुन्हा करावे लागते, आणि तोवर मूळ कॅसेट बहुधा भंगारात गेलेली असते.

आधी हिशेब मांडावा. ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटे वाजते, म्हणजे हजार तबकड्यांचे सुमारे शंभर तास झाले. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ अशा मूळ सामग्रीसाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते. बरेच जण ९६ वर मुद्रण करतात. ९६/२४ स्टिरिओला तासाला जेमतेम २ जीबी लागतात. हजार तबकड्या २०० जीबीच्या आसपास बसतात, साठ मिनिटांच्या पाचशे कॅसेटी १ टीबीत. सीडीचा एक तास सुमारे ६३५ एमबीचा, फ्लॅक या फाइल-प्रकारात साधारण त्याच्या निम्मा. बहुतेक घरांना ४ टीबीची एक डिस्क भरपूर झाली. फ्लॅक वाजवणे संगणकालाही जड नाही. रास्पबेरी पाय ४ हा चिमुकला संगणक ते काम सहज करतो. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने आठ डिस्कांची महागडी नॅस गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये.

मग पैसे आणि वेळ खर्च करायचा कशावर? याचे उत्तर स्क्वीझबॉक्सच्या कहाणीत सापडते. घरातल्या नेटवर्कवरून संगीत वाजवणारी ही यंत्रे बनवणारी स्लिम डिव्हायसेस ही कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये विकत घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची यंत्रे बंद केली. २०२४ मध्ये त्यांना आधार देणारी ऑनलाइन सेवाही थांबली. एरवी अशा वेळी घरातली यंत्रे अडगळीत जातात. ही गेली नाहीत, कारण सर्व्हरची प्रणाली पहिल्यापासून मुक्त स्रोताची होती. वापरणाऱ्यांनीच ती सांभाळली, वाढवली आणि आज ती ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने नव्या-जुन्या यंत्रांवर चालते. कंपनी बाजूला झाली तरी संगीत थांबले नाही. नॅव्हिड्रोम आणि जेलीफिन याच मुक्त जातीचे. रून हे बंदिस्त सॉफ्टवेअर वापरायला देखणे आहे आणि अनेकांना ते मनापासून आवडते. पण त्यात केलेल्या दुरुस्त्या रूनच्याच डेटाबेसात राहतात, मूळ फायलीला ते हात लावत नाही. २०२३ मध्ये रून हर्मनच्या मालकीचे झाले. पुढे काय होईल हे कुणी सांगावे? म्हणून माहिती फायलीच्या टॅगमध्येच लिहिलेली असली पाहिजे, हा आग्रह सोडून चालणार नाही.

ही गरज आजची नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात मुद्रित झालेल्या तबकड्यांवर गायिका गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, तिथल्या तंत्रज्ञांना ती ओळखू यावी म्हणून. वेष्टन हरवले, लेबल उडाले, तरी नाव ध्वनीच्या सोबत राहिले. टॅगकडून अपेक्षा आहे ती इतकीच.

आपल्या संगीताचे टॅग मात्र कष्टाचे काम आहे. कलाकार, अल्बम, गाणे ही चौकट पाश्चात्त्य पॉपसाठी बेतलेली. राग, ताल, साथीदार, नाट्यपदाचे नाटक यांना तिच्यात तयार जागा नाही. फ्लॅकमध्ये हवे ते रकाने नव्याने करता येतात, देवनागरीही चालते. एकच गायक एका ठिकाणी देवनागरीत आणि दुसरीकडे रोमनमध्ये लिहिला तर सर्व्हर त्याचे दोन कलाकार करतो, म्हणून लिपी आणि वर्णलेखन पहिल्याच दिवशी ठरवावे. तबकडीचा क्रमांक आणि मॅट्रिक्स क्रमांक वगळू नयेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने, सुरेश चांदवणकरांसारख्या संग्राहकांनी, जुन्या मुद्रणांचा जो तपशील जमवला त्यात या क्रमांकांचे मोल फार मोठे आहे. दुकानदाराला ते निरुपयोगी वाटतात. अभ्यासकाला कित्येकदा तोच एक धागा उरतो.

वाजवून पाहताना कसोटी गिऱ्हाइकाच्या सीडीचीच लावावी. मैफलीच्या सीडीत विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर कापलेले असतात. मध्ये क्षणभर खंड पडला तर समेवर येणारा तबला तुटतो. सलग वादन न जमणारी जोडणी कितीही स्वस्त असो, परत करावी. काँक्रीटच्या भिंतींपलीकडे वायफाय अडखळते; सर्व्हरपर्यंत लॅनची वायर ओढलेली बरी.

राहिले पाणी आणि वीज. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तळमजल्यावरच्या घरांत वस्तू शिल्लक राहिल्या नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून जवळजवळ अख्खी मुंबई तासन्‌तास विजेविना होती. छोटा यूपीएस आणि जमिनीपासून उंच जागा, एवढे तरी पाहिजेच. दोन डिस्कांच्या मिररिंगला बॅकअप म्हणू नये: चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. खरी दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी, घाटकोपरच्या संग्रहाची बोरिवलीच्या नातेवाइकाकडे.

फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी५ खूण साठवलेली असते. तिच्याशी ताडून अख्खा संग्रह एका आज्ञेत तपासता येतो. ही तपासणी दोन्ही प्रतींवर दरवर्षी, पावसाळा सरल्यावर व्हावी, आणि व्यावसायिकांनी दरपत्रकात तिची वेगळी ओळ घालावी.