वाय कोणाचा, तेही लिहा

दोन स्ट्रेनचा संकर करायचा, पिलांत कोणती लक्षणे जोडीने उतरतात ते मोजायचे आणि त्यावरून जनुकांमधले अंतर काढायचे, ही आपल्या हातात बसलेली पद्धत. वाय गुणसूत्रावर ती चालत नाही. टोकाचा छोटासा भाग सोडला तर उंदराचा वाय एक्सशी देवाणघेवाण करतच नाही. बापाकडून मुलाकडे अख्खाच्या अख्खा जातो. त्यामुळे त्यावरची जनुके सापडली ती मोडक्या वायमुळे.

१९७१मध्ये ब्रूस कॅटनाक आणि सहकाऱ्यांनी 'एसएक्सआर' उंदीर नोंदवले. त्यांच्यात एक्सएक्स पिल्लेही नर होत. याचा उलगडा होण्यात लालजी सिंग यांचा मोठा वाटा आहे. पट्टेरी मण्यारीच्या डीएनएमधून मिळालेला पुनरावृत्त तुकडा प्रोब म्हणून वापरून त्यांनी आणि केनेथ जोन्स यांनी १९८२मध्ये दाखवले, की वायचा लिंग ठरवणारा भाग एक्सच्या टोकावर जाऊन बसला आहे. पुढे याच तुकड्यातला काही भाग गळालेले उंदीर मिळाले. त्यांच्यात वृषण तयार होई, पण शुक्रजनक पेशींची वाढ खुंटे. गळालेल्या भागातली जनुके एकेक करून परत घालून पाहिल्यावर २००१मध्ये 'ईआयएफ२एस३वाय' हे जनुक निश्चित झाले. उणिवेवरून जागा आणि भरपाईवरून काम, अशी ही दुहेरी खात्री आहे. आजच्या क्रिस्पर प्रयोगांतही ती टाळता येत नाही.

पण अशी खात्रीही पुरी पडतेच असे नाही. नर लिंग ठरवणाऱ्या 'एसआरवाय' या जनुकाचेच पाहा. १९९०मध्ये ते सापडले. १९९१मध्ये सुमारे १४ हजार बेस-जोड्यांचा तुकडा घातलेले एक्सएक्स उंदीर नर झाले, आणि हा विषय संपला असे बहुतेकांना वाटले. जनुकाला एकच एक्झॉन आहे, असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. २०२०मध्ये जपानी गटाने शेजारच्या पुनरावृत्त क्रमात दडलेला दुसरा एक्झॉन शोधून दाखवला. तो काढून टाकला की एक्सवाय उंदीर मादी होतात! तीस वर्षे सगळे ज्या जनुकावर काम करत होते, त्याचा निर्णायक भाग नकाशात नव्हता, कारण पुनरावृत्त क्रम म्हणजे अडगळ हे आपण आधीच ठरवून टाकले होते.

२०१४च्या संपूर्ण क्रमाने हा समज आधीच हलवला होता. उंदराच्या वायवर सुमारे ९ कोटी बेस-जोड्या आहेत आणि त्यांतला बहुतांश भाग शेकडो प्रतींत वाढलेल्या तीन जनुककुळांनी व्यापला आहे. त्यांपैकी 'एसएलवाय' दाबले तर पिलांत माद्यांचे प्रमाण वाढते.

आता आपल्या प्राणिगृहांविषयी. सी५७ ब्लॅक ६ हा मुख्यतः डोमेस्टिकस उपजातीचा उंदीर, पण त्याचा वाय मस्क्युलस उपजातीचा. त्याच पार्श्वभूमीवर स्वित्झर्लंडमधल्या पोस्कियाव्हो खोऱ्यातला डोमेस्टिकस वाय आणला, तर एक्सवाय पिलांत अंडाशय किंवा अर्धवट वृषण दिसते. ईव्हा आयकर यांच्या गटाने हे १९८२मध्येच मांडले. तरीही आमच्याकडे येणाऱ्या लेखांत 'नर, ८ आठवडे' यापलीकडे काही नसते. पिढ्यान्‌पिढ्या बॅकक्रॉस करताना नर कोणत्या बाजूने घेतला, यावर वाय कोणाचा हे ठरते, आणि ही माहिती प्रजनन-नोंदवहीत असतेच. यापुढे नर उंदरांवरच्या प्रत्येक लेखात वायचा मूळ स्ट्रेन, बॅकक्रॉसमधील नराची बाजू आणि डीएनए वाचन केले असल्यास पुनरावृत्त भागातल्या वाचनांचे काय केले, हे साहित्य-पद्धती विभागात द्यावे. नोंद नसलेला लेख परीक्षकांकडे न जाता लेखकांकडे परत जाईल.