धंदा शिकवा, पण आधी कायदा वाचा



मोहाच्या दिवसांत शहरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजची पोरं आमच्या गावात आली. सात दिवस राहिली. फुलं कोण वेचतं, सुकवल्यावर किती भरतात, व्यापारी पायलीला काय देतो, सगळं वहीत उतरवलं. पोरं चांगली होती. पहाटे आमच्या बायांसोबत झाडाखाली वाकली. पण जाताना त्यांनी जो कागद दाखवला त्यावर लिहिलं होतं, 'आदिवासींसाठी सामाजिक उद्योग'. त्यात कंपनी होती, मालक होता, पैसा गुंतवणारा होता. आम्ही होतो फक्त 'माल पुरवणारे'. ग्रामसभा हा शब्द कुठंच नव्हता.

दोष पोरांचा नाही, शिकवणीचा आहे. २००४ साली सी. के. प्रल्हाद यांनी पुस्तक लिहून कंपन्यांना सांगितलं, गरिबांकडं बाजारपेठ म्हणून बघा. तेव्हापासून एमबीएच्या वर्गात हेच चालतं. गरिबाला कल्पना नाही, कौशल्य नाही, म्हणून तो गरीब! मग १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडात धरलं आणि आमच्याच बांबूसाठी आम्हाला चोर ठरवलं गेलं, ते कोणत्या धड्यात येतं?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. २००९ साली तिथं सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गावानं आपला बांबू स्वतः विकला. आधी हक्क आला, मग धंदा आला. उलटं झालं असतं तर गाव मजूरच राहिलं असतं.

आम्हाला हिशेब नको असं नाही. टेंडर कसं काढायचं, वही कशी लिहायची, भाव कसा ठरवायचा, हे शिकायलाच पाहिजे. नाहीतर हक्क कागदावर आणि पैसा ठेकेदाराच्या खिशात. पण शिकलेला माणूस ग्रामसभेचा हिशेबनीस होऊन येऊ दे, मालक होऊन नको.

म्हणून गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या. कोणत्याही कॉलेजचं पथक आलं तर:
१. आधी ग्रामसभेची परवानगी.
२. २००६ चा वनहक्क कायदा वाचूनच यायचं. गौण वनोपजावर मालकी कोणाची, ते कलम ३ मध्ये लिहिलंय.
३. लिहिलेलं सगळं मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवायचं. एक प्रत गावात ठेवायची.

हे मान्य असेल तर या, भाकरी खा, आम्हालाही शिकवा. नसेल तर रस्ता मोकळा आहे.

आमच्या गावात आम्हीच सरकार!