मानधन आणि मोबाइल

स्त्रीच्या हातीं मोबाइल आला कीं तिचा उद्धार झालाच, असा डांगोरा हल्लीं मोठ्या हौसेनें पिटण्यांत येत आहे. पिटणाऱ्यांनीं एखाद्या अंगणवाडीच्या उंबरठ्यावर घटकाभर बसून पाहावें, अशी आमची त्यांस विनंती आहे.

१९७५ सालच्या गांधीजयंतीस सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचा भार पहिल्यापासून स्त्रियांच्याच खांद्यांवर आहे. मुलें तोलावींत, गर्भिणींच्या घरीं जावें, आहार वाटावा. इतकें करूनही सरकारलेखीं ह्या बायका नोकर नव्हेत, मानसेवी! त्यांस मिळतें तें मानधन. त्यांतला मान कोणता हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं; धन किती तें ठाऊक आहे. केंद्र सरकारनें २०१८ सालीं सेविकेचे दरमहा ३,००० रुपये होते त्यांचे ४,५०० केले. राज्यें आपापल्या कुवतीप्रमाणें त्यांत भर घालितात.

२०२१ सालीं ‘पोषण ट्रॅकर’ नांवाचें ॲप आलें, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांतील सेविकांनीं सरकारी फोन परत करण्याचें आंदोलन केलें. फोन निकृष्ट, दुरुस्तीचा भुर्दंड पदरचा, ॲपची भाषा इंग्रजी. ‘बायकांस यंत्राचें वावडेंच!’ असा शेरा ह्यावर मारणें सोपें आहे. पण सुतारानें बोथट पटाशी परत केली, तर त्यास सुतारकामाचा शत्रु कोणी म्हणत नाहीं. २०२५ सालापासून घरीं न्यावयाच्या आहारासाठीं लाभार्थी मातेच्या चेहऱ्याची ओळख पटविणेंही आलें. नेटवर्क गेलें, चेहरा जुळला नाहीं, तर बोलणीं कोणीं खावयाचीं? समोर उभी असते ती सेविकाच.

आमचा मुख्य आक्षेप मात्र ह्याहून निराळा आहे. केंद्र उघडलें कीं नाहीं, मुलें किती आलीं, वजनें झालीं काय, ह्याची रोजची नोंद यंत्र ठेवितें. मानसेवेचा असा झाडा कोणी घेत असतें काय? काम मोजतांना ती पुरी नोकर, आणि पैसे मोजतांना स्वयंसेविका! एप्रिल २०२२ मध्यें, गुजरातेंतील एका प्रकरणीं, सर्वोच्च न्यायालयानें ह्या स्त्रियांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असें ठरविलें, आणि मानधन हें त्या कायद्यापुरतें वेतनच होय असें मानिलें. जें न्यायालयास दिसलें तें ॲप करविणाऱ्यांस दिसूं नये, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. ह्याच नोंदी उद्यां एखाद्या सेविकेनें आपल्या नोकरीचा पुरावा म्हणून मागितल्या, तर त्या तिला सुखासुखी मिळतील काय?